विन्याला पत्र : कारवीचं आठवं वर्ष

चैत्र, २०२५

प्रिय विन्या,

आपल्या डोंगराची खालची बाजू जळाली. कारवी जळाली. फोनवर सांगितलं असतं तर तू ‘अरेरे’ म्हणाला असतास, मग मुलांबाळांची चौकशी झाली असती आणि विषय तिथंच राहिला असता. म्हणून बसून लिहितोय. गावात ज्याला सांगावं तो म्हणतो, वणवा काय दर साली लागतो, त्यात एवढं काय! त्यात एवढं काय ते तुला फोड करून सांगायला नको, कारण ठकूआजीच्या हातचा तो मार आपण दोघांनीच खाल्लाय.

घरी सगळं ठीक. आईचे गुडघे तसेच, गोळ्याही त्याच. सुमनची कंबर मध्ये धरली होती, आता सुटली. माझी शुगर जागेवर आहे.

तर कारवी. गेल्या भाद्रपदात, आठ वर्षांनी, फुलली तेव्हा मी तुला फोटो पाठवले होते. तू उत्तरादाखल अंगठा पाठवलास. त्या अंगठ्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. अरे, देवळापासून कड्यापर्यंत सगळी उतरण जांभळी झाली होती. वरच्या सोंडेवर आग्या मोहोळांची पोळी लोंबत होती, आणि पायवाटेनं गेलं की त्या चिकट कळ्यांचा उग्र वास शर्टाला लागायचा, तो धुऊनही जात नव्हता. पुण्याच्या गाड्या ताम्हिणीपर्यंत रांगेनं उभ्या. पोरी कारवीत उभ्या राहून फोटो काढत होत्या. सोपानतात्यांनी काठी टेकत येऊन एकच फूल तोडलं, कानामागं खोचलं आणि परत गेले. काकू गेल्यानंतर ते पहिल्यांदाच घराबाहेर पडले असतील.

लोक आले, फोटो काढले, गेले. आणि कारवीचं खरं काम त्यानंतर सुरू होतं हे कुणाच्या ध्यानातच नाही.

फुलून झालं की झाड मरतं. एखाददुसरं नव्हे, उतरणीवरची जवळजवळ सगळी कारवी एकदम. कार्तिकापासून ती वाळत जाते आणि माघापर्यंत नुसत्या काठ्या उरतात. त्या काठ्यांच्या शेंड्याला बोंडं असतात, बोटाच्या पेराएवढी, आणि आत मोजक्या चपट्या बिया. बोंड तसं उघडत नाही, त्याला ओल लागते. वळवाचा पहिला शिडकावा झाला किंवा मृगाआधीची दमट हवा चढली की ते तडकतं आणि बी लांब उडतं. सबंध डोंगर तडतडायला लागतो. आपण ओट्यावर बसून ऐकायचो, आठवतं? गोट्याला वाटलं होतं रान पेटलं, आणि तो घागर घेऊन पळाला होता.

म्हणजे या घडीला आपल्या डोंगराची पुढची सगळी कारवी त्या बोंडांत आहे. झाडं मेलेली, बी अजून जमिनीवर पडलेलं नाही. फाल्गुन ते ज्येष्ठ एवढीच ती मुदत, आणि नेमकी हीच वणव्याची मुदत.

इतर सालात वणवा लागला तरी कारवी खालून फुटते. कोयत्यानं तोडली तरी फुटते. आपण लहानपणापासून तोडतच आलो, कुडाला, परसातल्या मांडवाला, चुलीला. सात वर्षं तोडा, जाळा, गुरं घाला, पुढच्या पावसात पुन्हा हिरवीगार. मग माणसाला वाटतं, हिला काही होत नाही. सात वर्षं हाताला सवय लागते आणि आठव्या वर्षी नेमकी तीच सवय घात करते. आठ वर्षांतून एकदाच लागू होणारा नियम लक्षात ठेवायचा तरी कुणी? ठकूआजीनं ठेवला होता. ‘फुलल्या सालाची कारवी तडतडल्याबिगर कोयता लावायचा न्हाई.’ आपण दोघं मोळी बांधून आणलेली, शाबासकी मिळेल म्हणून अंगणात टाकली आणि तिनं त्याच मोळीतली काठी उपसली. मग दोघांना वर चढवून ती मोळी जिथून तोडली तिथं परत टाकायला लावली. तेव्हा तू रडत म्हणाला होतास की म्हातारीला वेड लागलंय. मी तेव्हाही म्हणालो होतो, तिला काहीतरी माहीत आहे. (हे तू आजवर कबूल केलेलं नाहीस.)

हेच मी ग्रामसभेत सांगितलं. फुलोरा संपल्यावर लगेच, दिवाळीच्या सुमारास. सरपंच पोरगा चांगला आहे, ऐकून घेतो. म्हणाला, ‘दादा, मी लहानपणापासून कारवी तोडतोय, दर साली फुटते.’ तो खोटं बोलत नव्हता. मागची कारवी फुलली तेव्हा तो पुण्यात हॉस्टेलला होता, आणि त्याआधीची फुलली तेव्हा चड्डीत होता. त्यानं पाहिलेली सगळी सालं फुटणारीच आहेत. त्याला मी दोष देऊ शकत नाही. पण ठकूआजी गेली, सोपानतात्या बोलत नाहीत, काळे मास्तर मुलाकडं गेले, आणि ज्यांनी चार-पाच कारव्या पाहिल्या अशी माणसं आता हाताच्या बोटांवर. आजी वय सांगायची तेही आठव: ‘माज्या नऊ झाल्या.’ केरळ-तमिळनाडूच्या डोंगरात नीलकुरिंजी बारा वर्षांनी फुलते, २००६ ला फुलली, २०१८ ला फुलली, आता २०३० ला. तिकडचे पळियन आदिवासीही तिच्या फुलोऱ्यांवरून वय मोजायचे म्हणतात. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग काय जनमपत्रीवरून मोजायचं?

आता सात की आठ हे आपलं भांडण मिटवून टाकू. कॉलेजात असताना तू त्यावरून आठवडाभर बोलला नव्हतास. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कारवी २००८ ला फुलली, २०१६ ला फुलली आणि २०२४ ला फुलली. फुलापासून फुलापर्यंत आठ. हे माझं. पण यंदा जूनमध्ये जे बी उगवेल ते फुलणार २०३२ ला, म्हणजे उगवणीपासून सात वर्षं. हे तुझं. सात पावसाळे नुसती पानं, आठव्या पावसाळ्यात फूल. तू रोपापासून मोजत होतास, मी फुलापासून. दोघंही बरोबर होतो आणि आठवडा फुकट गेला. मात्र मधल्या काळात तू ‘सगळ्या सह्याद्रीत एकाच साली फुलते’ असंही म्हणायचास, ते चूक ते चूकच. एका उतरणीची एक पाळी, पलीकडच्या खोऱ्याची दुसरी. म्हणूनच आपली गेली तर शेजारचं बी आपसूक येईल या भरवशावर राहता येत नाही.

तुझे अमेरिकेतले ते सिकाडा किडेही या भानगडीतलेच. गेल्या मे महिन्यात तू त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलास, मी आईला ऐकवला, ती म्हणाली मिक्सर बिघडलाय का त्याचा? मग मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. सतरा वर्षं जमिनीखाली मुळांचा रस पीत बसायचं आणि माती साधारण अठरा अंश तापली की एकदम सगळ्यांनी वर यायचं! त्याच साली तेरा वर्षांवालेही वर आले. हे दोन थवे याआधी १८०३ ला एकत्र आले होते आणि पुन्हा २२४५ ला येणार, दर २२१ वर्षांनी. म्हणजे सवाई माधवराव गेल्याला आठ वर्षं झाली होती आणि दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आधारानं पुण्याच्या गादीवर परत येत होता, तेव्हा तुझ्या इलिनॉयमध्ये हे किडे असेच ओरडत होते.

त्यांचं गणित ऐकून मला रात्री झोप आली नाही. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी सतरावाले किडे पीचच्या झाडांखाली ठेवले आणि झाडांना एका वर्षात दोनदा बहर आणवला. किडे एक वर्ष आधी बाहेर आले. म्हणजे ते वर्षं मोजत नाहीत, झाडाचे बहर मोजतात. रसाची चव बदलली की एक. झाडाला फसवलं की किडाही फसला. मग आपली कारवी काय मोजते? पावसाळे? की उन्हाळे? तिच्या पोटात हे कुठं लिहिलेलं असतं? तुला तिकडं कुणी वनस्पतीवाला भेटला तर विचार. एवढ्या सगळ्यांनी एकदम का फुलायचं, याचं उत्तर मात्र पटण्यासारखं आहे. बी एकाच साली इतकं पडतं की उंदीर, किडे, पाखरं खाऊन खाऊन थकतात आणि तरी उरतं. मधल्या वर्षांत काहीच नाही, त्यामुळं बी खाणाऱ्यांची संख्याही वाढत नाही. पण उंदीर थकतो, तशी आग थकत नाही. कोयताही नाही. एकाच साली सगळं बी बाहेर काढणाऱ्या झाडाला नेमक्या त्याच साली माणूस आडवा आला तर त्याच्याकडं दुसरा डाव नाही.

तूच लिहिलं होतंस ना, की तुझ्या गल्लीत एकही किडा निघाला नाही आणि दोन गल्ल्या पलीकडं जुन्या ओकच्या झाडांखाली पाय ठेवायला जागा नव्हती? तुझी कॉलनी नवी, सतरा वर्षांच्या मधे कुणीतरी झाडं काढून डांबर टाकलं. खालचे किडे तसेच गेले. कनेटिकटमधला एक आख्खा थवाच असा संपला, १९५४ नंतर तो कुणाला दिसला नाही. तू ते वाक्य सहज लिहिलंस आणि पुढं बर्फ आणि इन्शुरन्सवर गेलास, पण मी तिथंच अडकून बसलो.

मिझोरामचं तर तुला माहीतच आहे, पण मी पुन्हा सांगणार. तिकडचा बांबू अठ्ठेचाळीस वर्षांनी फुलतो, त्या सालाला मावताम म्हणतात. बी खाऊन उंदीर बेसुमार होतात, बी संपलं की ते शेतात आणि कणगीत शिरतात. १९५८ च्या आधी तिथली म्हातारी माणसं सांगत होती, साल आलंय, धान्याची सोय करा. मिझोराम तेव्हा आसामात होतं, त्या आसाम सरकारनं ती अंधश्रद्धा ठरवली. दुष्काळ पडला, माणसं मेली. लोकांना धान्य पोचवायला जी संघटना उभी राहिली तिचाच पुढं १९६१ ला मिझो नॅशनल फ्रंट झाला, १९६६ ला बंड झालं आणि करार व्हायला १९८६ साल उजाडलं. एका फुलोऱ्याकडं दुर्लक्ष केलं त्याचे हे वीस-पंचवीस वर्षांचे भोग. पुढचा मावताम २००६ च्या सुमारास आला तेव्हा मात्र सरकार उंदराच्या शेपटीमागं पैसे देत होतं. अठ्ठेचाळीस वर्षांचा हिशेब लोकांनी आठवणीत जपला होता. आपल्याला आठ वर्षांचा जपवत नाही याचं मला फार वाईट वाटतं, विन्या.

वणव्याचं सांगतो. रस्त्याच्या बाजूनं लागला. कुणाच्या राबातून सुटला की कुणी विडी टाकली, कळलं नाही, आणि मी खोलात जाणार नाही, गावात राहायचंय. संध्याकाळी धूर दिसला तोवर खालचा पट्टा गेला होता. वाळक्या कारवीची आग उभी चढते. गोट्या, त्याचा मुलगा, सरपंच स्वतः, आणि मधल्या आळीच्या बायका, सगळे वर गेलो. ओल्या डहाळ्यांनी झोडपून झोडपून देवळाच्या वरच्या अंगाला जाळरेषा काढली आणि तिथं अडली. सरपंचाच्या भुवया जळाल्या. रात्री उशिरा खाली आलो तेव्हा तो म्हणाला, ‘दादा, बी खरंच एवढंच असतं का?’ मी म्हणालो, उद्या दाखवतो.

दुसऱ्या दिवशी दोन फांद्या आणल्या, एक जळक्या बाजूची, एक वरची. जळकी बोंडं नखानं फोडली, आत काळी भुकटी. मग वरच्या बाजूची बोंडं शाळेच्या टेबलावर ठेवली आणि ओल्या फडक्यानं पाणी पिळलं. थोडा वेळ काहीच नाही. पोरं टेबलाला नाक लावून उभी. आणि एक तडकलं! बी उडून फळ्यावर आपटलं. मग दुसरं, तिसरं. बोंडाची दोन शकलं मागं वळलेली, आत बारीक आकडे, तेच बी फेकतात. ओलं झालेलं बी बोटाला चिकटतं, मातीला धरून राहायला बरं. सरपंचानं ते बी कागदात बांधून खिशात ठेवलं. आता तो आपल्या बाजूनं आहे.

मला भीती नुसत्या फुलांची नाही. उतरण किती उभी आहे ते तू जाणतोस, आणि खाली मधली आळी आहे. जुनी मुळं यंदा मेली. पावसाळ्यात नवी रोपं दाटून उगवली तर ती माती धरतील. नाही उगवली तर आषाढात त्या उघड्या मातीवर आपला पाऊस कोसळणार. कारवी असली की दरड येत नाही असं मी म्हणत नाही. पण २०१४ ला माळीण झालं, २०२३ ला इर्शाळवाडी झाली, आणि दर जुलैत मधल्या आळीच्या बायका रात्री जाग्या असतात हे मी बघतोय.

म्हणून शाळेची पोरं आणि मी आता वरच्या बाजूची थोडी थोडी बोंडं गोळा करतोय. पोती कोरडी ठेवायची आणि मृगाआधी जळक्या पट्ट्यावर टाकायची. ओल लागू द्यायची नाही ही मोठी कसरत आहे, परवा एका पोत्यावर कुणीतरी पाण्याची बाटली सांडली आणि पोतं वर्गातच तडतडायला लागलं. पोरं खूश.

पण वरची बाजू उभी राहिली तरच यातलं काही खरं. आणि वरची बाजू तुझी आहे. सातबाऱ्यावर तुझं आणि बाळूचं नाव सामाईक आहे. घाटाच्या अलीकडं नवं रिसॉर्ट होतंय, त्यांना खोल्यांच्या भिंती जुन्या पद्धतीच्या, कुडाच्या हव्यात. मालकानं ठेकेदाराला कारवी आणायला सांगितलंय, आणि वाळून उभी असलेली कारवी तोडायला यंदाइतकं सोपं साल नाही. बाळूनं इसार घेतलाय. वैशाखात तोडणार म्हणतो. मी त्याला भेटलो, तो म्हणाला, ‘तुझं काय जातंय? जमीन आमची.’ बरोबर आहे त्याचं. त्याला पोरीच्या फीचे पैसे हवेत, आणि कारवीच्या काठ्या विकणं हा काही गुन्हा नाही. मी त्याला एवढंच म्हणालो की पाऊस पडेपर्यंत थांब, तडतडून झालं की सगळी तोड, काठी तीच राहते. ठेकेदार थांबायला तयार नाही, त्याला पावसाआधी भिंती उभ्या करायच्यात.

हे काम तुझ्याशिवाय होणार नाही. माझ्या शब्दाला तो भीक घालत नाही, विहिरीच्या भांडणापासून. तुझ्या सहीशिवाय मात्र त्याला तोड देता येणार नाही, आणि तू नाही म्हणालास तर तो ऐकेल. त्याला रागावू नको. आजीची मोळी त्याला सांग, तो तेव्हा पाळण्यात होता.

तुझं बाकी कसं चाललंय? नोकरीचं काय झालं, टिकली ना? मीनलच्या लग्नाचे फोटो पाहिले, जावई उंच आहे, हसतोही छान. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा धोंड्याच्या वाणाला तेहतीस अनारसे त्याला खाऊ घालायचे, अमेरिकन असला म्हणून सुटका नाही. वहिनींचा खांदा बरा झाला का? कारवीचा मध एक बाटली तुझ्या नावानं ठेवलाय, काळपट आणि दाट, नेहमीसारखा. कुणी येणारा असेल तर कळव.

बाळूला रविवारी फोन कर. शनिवारी तो बाजाराला जातो, नेटवर्क मिळत नाही. आणि ठेकेदाराचा इसार परत करायची वेळ आली तर त्यातला अर्धा माझा, हे त्याला आधीच सांगून टाक.

तुझा,
दत्ता